एक सूर खाली

रविवार, ७ सप्टेंबर

आज उपासना चालू असताना, अंगावर झगा असताना, शंभर माणसांच्या देखत मी एका बाईंचा अपमान केला. इथे लिहून टाकतो, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी सारं जसंच्या तसं राहील.

प्रभुभोजनाच्या विधीतली उपकारस्तुतीची मोठी प्रार्थना मी गाऊन म्हणतो. साडेतीन मिनिटं लागतात. ती संपली की ऑर्गन वाजू लागतो आणि गाणाऱ्यांची तुकडी, म्हणजे क्वायर, उत्तर गाते. चाल माझी आहे. अँग्लिकन पाळक म्हणून अडतीस वर्षं काढली, चार मंडळ्या सांभाळल्या, आणि प्रत्येक ठिकाणी प्रवचनापेक्षा गाण्याकडे जास्त लक्ष दिलं. माझे बंधू-पाळक माझ्यामागे मला सूरसम्राट म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत हे मला कळतं. गेली अकरा वर्षं मी आपल्या भाषेतल्या सबंध उपासनेला चाली बांधतोय. आता बिशपसाहेब त्या साऱ्या धर्मप्रांतात लावण्याचा विचार करताहेत. १९ ऑक्टोबरला ते स्वतः ऐकायला येणार आहेत.

चाल पांढरी पाच या पट्टीत आहे. आमच्या ऑर्गनबाई मात्र गेले कित्येक महिने उत्तर खालच्या पट्टीत वाजवतात. आधी नुसता संशय होता. मग मी सूर तपासायचा ट्यूनिंग फोर्क खिशात ठेवू लागलो. उत्तर सुरू झालं की वेदीच्या कडेवर हळूच ठोकायचा आणि कानामागच्या हाडाला लावायचा. नुसता हवेत धरला तर हल्ली ऐकू येत नाही, फोर्क जुना झालाय. चार रविवार तपासलं. चारही रविवारी पांढरी चार, म्हणजे चक्क एक सूर खाली. शिवाय पूर्वी बाई माझ्या प्रार्थनेखाली एक बारीक सूर धरून ठेवत, मला आधार म्हणून. तोही त्यांनी दोनेक वर्षांपासून न विचारता बंद केलाय. वय झालं, कंटाळा करत असतील, म्हणून मी बोललो नव्हतो.

आज पुन्हा तेच झालं आणि माझी जीभ सुटली. मी क्वायरला हाताने थांबवलं आणि म्हणालो, "बाई, पुस्तकात आहे ते वाजवा. ज्याला सूर सांभाळता येत नाही त्याने देवाच्या घरात बोटं आवरावीत."

बाईंनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. खर्ज गाणारा शिंपी आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग बाईंनी पांढरी पाचवर बोटं ठेवली, आम्ही उत्तर पुन्हा गायलो आणि उपासना पार पडली. जे बोललो ते खोटं नव्हतं. पण ते तिथे आणि तसं बोलायला नको होतं, याची लाज वाटते.

सोमवार, ८ सप्टेंबर

ही सकाळपासून तोंडातल्या तोंडात बोलतेय. हल्ली सगळेच असं बोलतात. शास्त्रवाचन करणारे तर शेवटचे शब्द गिळूनच टाकतात, मी फलकावर तीनदा सूचना लावली. चहा घेताना ही उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. गेली दोन-तीन वर्षं ती असं करते. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर बायको जागा बदलून जवळ येऊन बसते याचं मला बरं वाटतं. बसली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "जा आणि माफी मागा."

गेलो. बाई घड्याळजीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडायचं काम केलं, त्यामुळे बोटं अजून चपळ आहेत. चर्चमधला ऑर्गन एकतीस वर्षं वाजवताहेत. मी गेलो तेव्हा इस्त्री करत होत्या. खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांनी मला बसायला जागा केली आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली.

मी म्हणालो की रागाच्या भरात बोललो, तसं बोलायला नको होतं. त्यांनी मान हलवली. तिथेच थांबायला हवं होतं, पण माझा स्वभाव आड आला. मी विचारलं, "पण बाई, पट्टी का उतरवता?"

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाल्या, "हात तिकडे जातो, पाळकसाहेब."

म्हणजे त्यांनी स्वतःच कबूल केलं. वयाचा दोष आहे, त्याला त्या काय करणार? मी सांगितलं की बिशपसाहेब येऊन जाईपर्यंत थोडी विश्रांती घ्या, मी दुसरी सोय बघतो. त्या आत गेल्या आणि ऑर्गनची किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. जिना उतरताना माझा जीव भांड्यात पडला होता. खाली रस्त्यावर आल्यावर त्याचीच लाज वाटली. घरी येऊन बिशपसाहेबांना पत्र लिहिलं: वादक बाईंचं वय झालंय, सूर जागेवर राहत नाही, त्यांना विश्रांती दिलीय, मी दुसरी व्यवस्था करतोय, काळजी नसावी.

शनिवार, १३ सप्टेंबर

नवे वादक मिळाले. पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेले आहेत, सगळे त्यांना बँडमास्तर म्हणतात. ताठ बसतात आणि चष्म्यावरून बघतात. संध्याकाळी सराव घेतला. सरावात मी मोठी प्रार्थना गात नाही, घशाला त्रास नको म्हणून. नुसती क्वायरची उत्तरं घेतली. सगळी पांढरी पाचमध्ये, रेघ मारल्यासारखी.

बाई गेल्या आणि सूर जागेवर आला. माझंच खरं ठरलं. खरं तर आनंद व्हायला हवा. पण क्वायरमधलं एकही माणूस माझ्याकडे बघून गायलं नाही, सगळे पुस्तकात डोकं घालून होते. शिंपी जाताना माझ्याजवळ थांबला, काहीतरी बोलणार होता, मग टोपी घातली आणि निघून गेला.

रविवार, १४ सप्टेंबर

आज नाक कापलं गेलं. मोठी प्रार्थना संपवली, बँडमास्तरांनी ऑर्गन सुरू केला, आणि उत्तर असं काही वर चढून आलं, जसं जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी. पुढच्या बाकावरची मुलं हसली. त्यांच्या आयांनी त्यांना गप्प केलं, आणि हे जास्त वाईट होतं.

झगे ठेवायच्या खोलीत मी बँडमास्तरांना विचारलं की तुम्ही एवढ्या वर का सुरू केलं. ते म्हणाले की पुस्तकात आहे तिथेच सुरू केलं. मी आत जाऊन फोर्क लावून पाहिला तर त्यांचं बरोबर निघालं. मग ऑर्गनच बिघडला असणार, हवेत ओल आहे. ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याला निरोप धाडला. बँडमास्तरांना सांगितलं की पुढच्या रविवारी प्रार्थनाभर खाली पांढरी पाचचा सूर धरून ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटेल. ते बरं म्हणाले.

ऑर्गनबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. हात पिशवीच्या कडीवर.

रविवार, २१ सप्टेंबर



आज उत्तराच्या वेळी अर्धी क्वायर ऑर्गनबरोबर गायली आणि अर्धी मी जिथे थांबलो होतो तिथे. म्हणजे दोन मंडळ्या एकाच छपराखाली भांडल्यासारखं झालं. उपासना संपल्यावर मी झगासुद्धा न काढता बँडमास्तरांवर तुटून पडलो. मी सूर मागितला होता, दिला का नाहीत?

बँडमास्तर म्हणाले, "दिला की. पूर्ण साडेतीन मिनिटं बोट दाबून बसलो होतो. तुम्हाला ऐकू नाही आला?"

मी म्हणालो, खोटं बोलू नका, एक क्षणभरही वाजला नाही. त्यांनी घंटाकाकांकडे बघितलं. घंटाकाका म्हणजे आमच्या चर्चची झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे. मी इथे आलो त्याच्या आधीपासून आहेत. ते कोपऱ्यात वेदीवरचं कापड घडी करत होते. घडी पुरी केली, मग म्हणाले, "वाजत होता, पाळकसाहेब. बाईपण धरायच्या. दर रविवारी धरायच्या."

बँडमास्तरांनी मग पोलिसी पद्धतीने सगळं सरळ सांगून टाकलं. मी पांढरी पाचवर सुरू करतो. दुसऱ्या वाक्यापासून घसरायला लागतो. संपेपर्यंत एक सूर खाली पोचलेला असतो, कधी दीड. बाईंचं काय असायचं, मी श्वास घ्यायला थांबलो की त्या धरलेला सूर माझ्यापाठोपाठ अर्ध्याने खाली आणायच्या, आणि उत्तर मी जिथे पोचलो असेन तिथून द्यायच्या. हे त्यांना क्वायरकडून कळलं. "मला ते जमत नाही," ते म्हणाले. "आणि जमलं तरी मी करणार नाही. मी पुस्तकाप्रमाणे वाजवतो."

मी म्हणालो, अडतीस वर्षं गातोय मी. ते म्हणाले, हो, तेच.

मंगळवार, २३ सप्टेंबर

काल काही लिहिलं नाही. दिवसभर मनात बँडमास्तरांना उत्तरं देत होतो.

आज दुपारी घंटाकाकांनी मला बोलावून नेलं आणि ऑर्गनच्या बाजूचं लहान कपाट उघडलं. माझी उत्तरं बाईंनी हाताने चार-चार वेळा लिहून काढली आहेत, प्रत्येक वेगळ्या पट्टीत. कोपऱ्यात पेन्सिलीने खुणा. पांढरी पाचवर "साहेब ताजे". काळी तीनवर "नेहमीचे". पांढरी चारवर "दमलेले". आणि त्याखाली पांढरी तीन, तिच्यावर "सर्दी असल्यास". सगळ्यांत जुन्या कागदावर सहा वर्षांपूर्वीची तारीख आहे. "साहेब ताजे" हे कागद कोरे करकरीत आहेत, "दमलेले" मात्र कडेला फाटून पुन्हा चिकटवलेले. मी जमिनीवर बसकण मारली. घंटाकाका बाहेर जाऊन उगाच पायऱ्या झाडत राहिले.

घरी येऊन हिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. उजव्या कानाने मला जवळजवळ काही ऐकू येत नाही, म्हणून ती डावीकडे बसते. मी म्हटलं, मग आणखी कुणाकुणाला माहीत आहे?

"सगळ्यांना," ती म्हणाली. "बाईंनीच सर्वांना बजावलं होतं, साहेबांना कळू देऊ नका. गाणं गेलं तर त्यांच्याजवळ काय उरेल म्हणाल्या."

म्हणजे ७ तारखेला मी जेव्हा बोटं आवरा म्हणालो, तेव्हा त्या शंभर माणसांतल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं. फक्त बोलणाऱ्याला नव्हतं. आणि ज्यांना बोललो त्या बाईंना एका शब्दाने स्वतःला सोडवून घेता आलं असतं, तरी त्या गप्प राहिल्या. त्यांच्या घरीसुद्धा, मी विचारलं तेव्हा, हात तिकडे जातो म्हणाल्या. अक्षरशः खरं तेवढंच बोलल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मला वाटलं यंत्र सुरूच झालं नाही. बाहेर आलो तेव्हा तपासणी संपली होती. डॉक्टरांनी आलेख दाखवला, उतारावरून रेघ निघाली आहे. यंत्र मिळेल, बोलणं ऐकू येईल, पण सुरासाठी फारशी आशा धरू नका म्हणाले. फोर्क जुना झाला नव्हता.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज बाईंकडे गेलो. काय बोलायचं ते चार दिवस घोकत होतो. कपाटातले कागद पाहिले म्हणालो. माझंच चुकत होतं, तुम्ही मला सहा वर्षं सांभाळलंत, आणि मी तुम्हाला चारचौघांत बोललो. हे सगळं बोललो. त्या खिडकीजवळ बसून बटण शिवत होत्या. दोरा तोडला आणि म्हणाल्या, "कळलं ना, मग झालं."

एवढ्यावर उठलो असतो तर माझ्यात काहीतरी शिल्लक आहे असं म्हणता आलं असतं. पण १९ तारीख डोक्यात होती. बँडमास्तर मला सावरून घेणार नाहीत. मी गायलो नाही तर चाली बिशपसाहेबांच्या कानावर कशा पडणार? हे सगळं मी बाईंना ऐकवलं. त्या ऐकत होत्या. मग मी खिशातून किल्ली काढून शिवणाच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी विचारलं, "त्या एका दिवसापुरतं ना?"

मी हो म्हणालो. माफी मागायला गेलो आणि मदत मागून आलो. हिला सांगितलं तर ती स्वयंपाकघरात निघून गेली, आणि मी तिला डावीकडे येऊन बस म्हणून हाक मारली नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

अप्रतिम झालं. लोक तसं म्हणतात म्हणून लिहितो. बिशपसाहेब पुढच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी प्रार्थना गायली. माझ्या कानाला मी पांढरी पाचवर होतो, शेवटपर्यंत. उत्तर बरोब्बर माझ्या हातात हात घातल्यासारखं आलं. आज मी कुठे पोचलो होतो कोण जाणे. बाईंच्या समोर कोणता कागद होता हे बघायची माझी हिंमत झाली नाही.

नंतर दालनात चहा होता. बिशपसाहेबांनी माझी पाठ थोपटली, एवढं वय होऊनही आवाज जागेवर आहे म्हणाले, चाली पक्क्या झाल्या असं समजा म्हणाले. तेवढ्यात बाई कप ठेवायला आल्या. बिशपसाहेब त्यांच्याकडे वळले आणि मोठ्या मायेने म्हणाले, "काय बाई, विश्रांतीने फरक पडला ना? पाळकांनी मला सगळं लिहिलं होतं. आता छान सांभाळता सूर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. कपाकडे बघत होत्या. शिंपी तिथे होता, घंटाकाका होते, ही होती. सगळे थांबले होते, मी बोलण्यासाठी. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "साहेब, चहा गार होतोय."

बाईंनी कप ठेवला, पिशवी घेतली आणि गेल्या. किल्ली ऑर्गनवर ठेवून गेल्या होत्या. ७ सप्टेंबरला निदान मला काही माहीत नव्हतं. आज सगळं माहीत होतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

बिशपसाहेबांना पत्र लिहिलं. या वेळी सगळं. कान, सहा वर्षं, कागद, चहा. पहिल्या मसुद्यात स्वतःला इतकी नावं ठेवली होती की वाचणाऱ्याला माझंच कौतुक वाटावं. तो फाडला. दुसरा एका पानाचा झाला. हिने वाचला आणि पाकिटात घालून स्वतः टाकून आली, मला टाकू दिला नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

बिशपसाहेबांचा फोन आला. मला फोनवर शब्द लागत नाहीत, हे आजवर मी फोनच्या माथी मारत आलो. हिने घेतला आणि एकेक वाक्य मोठ्याने मला सांगत गेली. चाली चांगल्या आहेत, त्या राहतील. कोण गातो याचा त्यांच्याशी संबंध नाही. बाईंना ते स्वतः पत्र लिहिणार आहेत. मग ही म्हणाली, "तुमचं तुम्ही मंडळीसमोर निस्तरा, असं म्हणताहेत." शेवटी आणखी काहीतरी होतं, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

प्रवचनाच्या जागी उभा राहिलो नाही. वेदीसमोर जिथे तेव्हा उभा होतो तिथेच राहिलो. बाई शेवटच्या बाकावर होत्या. मी म्हणालो की ७ सप्टेंबरला इथून मी ऑर्गनबाईंना बोललो, त्यांना सूर सांभाळता येत नाही असं. सूर माझा सुटत होता. त्या सहा वर्षं माझ्यामागून खाली उतरत होत्या, मी पडलो असं दिसू नये म्हणून. हे तुम्हा सर्वांना माहीत होतं. मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही गेल्या रविवारी बिशपसाहेबांसमोर मी तोंड उघडलं नाही. बोललो सर्वांसमोर, म्हणून सांगतोही सर्वांसमोर.

असं सांगून टाकलं की हलकं वाटतं, असं मी अडतीस वर्षं लोकांना शिकवलं. मला तसं काही वाटलं नाही. कोणी रडलं नाही. शिंप्याने नाक शिंकरलं. मग आम्ही पुढचं गीत घेतलं. मोठी प्रार्थना मी गायलो, बँडमास्तरांनी पुस्तकाप्रमाणे उत्तर दिलं, आणि आपटायचं ते सगळं सर्वांसमोर आपटलं.

नंतर बाई झगे ठेवायच्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं. माझ्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक माझंही ऐका. तुमची लाज झाकतेय असं मी लोकांना सांगायची. पण मला ते आवडायला लागलं होतं. तुम्ही माझ्या हातात आहात, हे. पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं."

मी म्हणालो, मी ऐकलं नसतं. त्या म्हणाल्या की हो, पण सांगायला हवं होतं.

मी त्यांना परत या म्हणालो. या वेळी कोणती तारीख डोक्यात नव्हती. त्या म्हणाल्या, "येईन. पण मोठी प्रार्थना तुम्ही गाणार नसाल तर. पाळकाशिवाय दुसऱ्या कोणाला ती म्हणता येत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा साधी बोला."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. एवढं सगळं होऊनही मला विचार करायला वेळ हवा होता. त्या म्हणाल्या, करा.

शनिवार, १ नोव्हेंबर

आठवडाभर प्रार्थना खोलीत बोलून बघितली. चालीशिवाय ती माझ्या तोंडात बसत नाही. कुठे थांबायचं ते कळत नाही, शब्द उघडे पडतात. अकरा वर्षं मी या शब्दांना सजवत होतो, आणि नुसते म्हणायची वेळ आली तर वाचणाऱ्या शाळकरी मुलासारखा अडखळतो. हिने ऐकून घेतलं. कुठे आवाज चढतोय ते हाताने दाखवत होती. संध्याकाळी बाईंकडे किल्ली पोचती केली आणि दारातूनच सांगितलं की बोलतो. त्यांनी मान हलवली. बँडमास्तरांनाही कळवलं. ते म्हणाले, योग्य निर्णय, आता खर्जात एक माणूस कमी आहे, तिथे मला घ्या.

रविवार, २ नोव्हेंबर

आज प्रार्थना बोललो. साडेतीन मिनिटांची दीड मिनिटात संपली. मध्ये एकदा चूक केली, मागे जाऊन वाक्य पुन्हा घेतलं. शेवटचा शब्द म्हणून झाला आणि बाई लगेच वाजवत नाहीत असं दिसलं. पूर्वी उत्तर कधी क्षणभरही उशिरा येत नसे. मी वळून पाहिलं. त्या डोकं खाली घालून बसल्या होत्या, हात मांडीवर. मला वाटलं बरं नाही की काय. क्वायर थांबली होती. मग त्यांनी डोळे पुसले, हात वर घेतले आणि उत्तर पांढरी पाचमध्ये आलं. मला ते निम्मंच ऐकू आलं, पण पाचमध्येच होतं, क्वायरच्या चेहऱ्यांवरून कळलं.

उपासना संपल्यावर मी ऑर्गनपाशी गेलो आणि विचारलं, काही त्रास झाला का, उशीर का झाला. त्या कागद आवरत होत्या. काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. आजवर अशा वेळी मी हसून मान हलवत आलोय. आज म्हटलं, बाई, पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही.

त्या उठून माझ्या डाव्या बाजूला आल्या.

"विसरले," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं तुम्ही ती प्रार्थना म्हणत असताना मी फक्त तुमचा सूर ऐकत होते, कुठे घसरतोय म्हणून. एकदाही प्रार्थना केली नाही. आज केली, आणि वाजवायचं विसरले."